मुका बाण

मामाचा कामठा आढ्याला
तीन पावसाळे धूर खात टांगलेला.
वीटभट्टीवरून परतलो तेव्हा उतरवला,
दोरी चढवली, तर वरचा हात
खालच्यापेक्षा जास्त वाकलेला,
एकाच खांद्यावर मोळी घेतलेल्या माणसासारखा.
बाटलीच्या फुटक्या काचेनं
खालचा हात तासत बसलो.
थोडं तासायचं, दहा वेळा ओढायचं,
पुन्हा मामाच्या हातात द्यायचं.
मामाचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले.
तो कळकावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा,
'अजून कुरकुरतो हितं.'

कणगरीच्या वाफ्यात डुक्कर शिरत होतं,
खाजणाच्या बाजूनं, रोज नवी वाट काढून.

नुसत्या टोकाचा बाण सरळ जायचा,
पेंढ्याच्या भाऱ्यात, जिथं पाहिलं तिथं.
त्याच काठीला नागोठण्याच्या लोहाराचं पातं बांधलं
की एक हात डावीकडे,
करंजाच्या बुंध्यात.
चार वेळा. पाचव्यांदा मी लोहाराला शिवी दिली.

मामा हसला. 'दुंदा,' म्हणाला,
'पातं म्हंजी पुढं लावलेलं पीस.
मागचं पीस म्हणतं हिकडं, पुढलं म्हणतं तिकडं.
त्यांचं भांडण वाटेत मिटत नाय,
घरातच मिटवून धाडायचं.'

मग घर सुरू झालं.
बाण नखावर उभा करून गरगर फिरवला,
पात्याचं टोक थरथरलं.
चिमणीवर राळ मऊ केली,
तांदळाच्या कणीएवढं पातं वळवलं,
तंगूस नव्यानं गुंडाळला, दातानं ओढून.
पिसं सोडवून बघितली:
दोन घारीच्या डाव्या पंखाची, एक उजव्याची.
माझ्याच हातची चूक, तीन वर्षांपूर्वीची.
एकाच पंखाची शोधायला
सुरूच्या बनात दोन दिवस गेले.
पुढे वजन वाढलं म्हणून काठी सुटताना जास्त लवायची,
ती टाकली. जाड कळकाची घेतली,
आचेवर शेकून सरळ केली.

नेम बघायचा तो पहाटेच.
रात्रभर डोंगरावरून वाहणारी मतलई पडते
आणि खाडीवरून खारा अजून उठलेला नसतो,
त्या मधल्या वेळात
होडीवरची फडकीसुद्धा लोंबत असतात.
तेवढ्यात पाच-सहा बाण होतात.
मग पहिली झुळूक गालाला लागते
आणि त्या दिवसाचं खरं-खोटं संपतं.

मामा माझ्या मागे उकिडवा बसायचा,
डोकं एका बाजूला कलतं करून.
बाण सुटला की म्हणायचा,
'फुरफुरला.'
'शिट्टी मारली.'
'हा तर म्हातारीवानी पुटपुटत गेला.'
कुठं लागला ते त्यानं कधी विचारलं नाही.
मी एकदा ओरडून सांगितलं, मधोमध लागला!
तर म्हणाला, 'लागंल. पर बोलत गेला.
डुकराचं कान काय भाड्यानं दिल्यात?'

दोरीवरची खूण मी मोहरीएवढी वर सरकवली.
दुसऱ्या दिवशी निम्मी मोहरी खाली.
दोरीच्या टोकांना बकरीचे केस बांधले,
झणझण मेली.
नवव्या की दहाव्या पहाटे,
नक्की आठवत नाही, भांगाचं पाणी होतं,
चिखलात तिवरांची मुळं उघडी पडली होती,
मी श्वास अर्धा सोडला
आणि बोटं उघडली, उघडली असंही वाटलं नाही.

पेंढ्यात धप् झालं.

मामानं मान सरळ केली.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला,
'पोचला, त्ये ऐकलं.
पर निघाला कवा?'

बाण उपसताना बोट कापलं.
डुक्कर त्या रात्री आलं नाही, पुढच्याही नाही.
तो एक बाण मी वेगळा ठेवलाय,
वळचणीला, पातं आत करून.
बाकीचे चार अजून बोलतात.