थंड दवाच्या सुमारास

कधी यायचं विचारलंस, तर
ऑक्टोबरची आठ तारीख धर, दोन दिवस इकडे-तिकडे.
जुन्या पंचांगात त्या दिवसाला 'थंड दव' म्हणतात,
पण दव शोधत बसू नकोस. वारा बघ.
उन्हाळाभर इथे दक्षिणेचा चिकट वारा,
एका सकाळी तो पाठ फिरवतो,
दोरीवरचे कपडे उलट्या अंगाला फडफडतात,
आणि सासूबाई म्हणतात, उत्तरवारा आला, पांघरुणं काढा.
त्या दिवशी ये.

विमान मियाकोला उतरेल. मग पूल ओलांडून इराबू.
पूल झाला आणि फेरीबोट बंद पडली.
मी तिथे तिकिटं फाडायचे,
आता टेकडीवर ससाणे मोजते.
फारसा फरक नाही. नजर समुद्रावर,
आणि कोणी मुक्कामाला येत नाही.

दुपारी चारच्या आधी येऊन उपयोग नाही.
उसाच्या पलीकडे, पाइनच्या रानावर
आधी एक ठिपका,
मग कुणी मूठभर तीळ उधळावेत तसे साशिबा.
रात्रीपुरते टेकतात. उजाडलं की
गरम हवेच्या भोवऱ्यात चढून दक्षिणेला.
मध्येच भुरभुर आली तर पळू नकोस,
तिला आम्ही 'ससाण्याचं मूत' म्हणतो.
फक्त वर बघताना तोंड मिटून ठेव.

बाकावर केइतोकु कावामित्सु बसलेले असतील,
ऐंशीच्या पुढचे, दुर्बिणीशिवाय.
"किती झाले?" विचार. "चव कशी असायची?" विचारू नकोस.
ते आपणहून सांगतील:
युद्धानंतरची भुकेची वर्षं,
झाडावर पानांची खोप करून बाप रात्रभर दबा धरायचा,
झोपलेल्या पक्ष्याचा पाय हातानेच पकडायचा.
घरात रस्सा शिजायचा.
एकदा एक जिवंत यांना खेळायला मिळाला,
दोरीचं एक टोक त्याच्या पायाला, दुसरं यांच्या मनगटाला.
तीन दिवस.
पुढचं ते सांगत नाहीत, मनगट चोळतात.

अंधार पडला की आकडे जुळवतो.
माझ्या यंत्रावर सहाशे बारा, त्यांचे सहाशे तेरा.
काल दोन हजार चाळीस,
त्यांचे एकेचाळीस.
नऊ वर्षं झाली, एकाचाच फरक.
ऑफिसला कळवताना मी तो वजा करते.
वहीत करत नाही.

येताना स्वेटर आण, टेकडीवर गार असतं.
आणि तुझ्या दुर्बिणीला दोरी असेल,
तर ती कॉलरच्या आत घाल.