पाचुंदा

मे महिन्यात लाइट गेली की
दाजी पेठेतले माग एकदम गप्प व्हायचे
आणि कानात मात्र खटक-खटक थोडा वेळ चालूच,
बटण बंद केल्यावर फिरत राहणाऱ्या पंख्यासारखी.

मग आम्ही सगळे गच्चीवर.
एक मेणबत्ती, एक तांब्या,
आणि रद्दीवाल्याकडून आठ रुपयांना आणलेला शब्दकोश.
पुठ्ठा गेलेला, 'अ'ची पानंही गेलेली.
"म्हणून तर आपल्या घरात अक्कल नाही,"
नरसय्याकाका दर वेळी म्हणायचे,
दर वेळी आम्ही हसायचो.

खेळाचं नाव थापाथापी.
एकानं कोशातून अवघड शब्द काढायचा,
बाकीच्यांनी त्याचा खोटा अर्थ लिहून द्यायचा
विडीच्या लेबलाच्या कोऱ्या पाठीवर,
खऱ्याची चिठ्ठी त्यातच मिसळायची,
आणि ओळखायचं, कोश कुठला, थाप कुठली.

'वाफसा' निघाला तेव्हा
काकांनी, बत्तीस वर्षं सायझिंग खात्यात काढलेल्या,
लिहिलं : पाळी सुटलेल्या माणसाच्या शर्टाचा वास.
नागेशनं लिहिलं : भात शिजला का बघताना चष्म्यावर येतं ते धुकं.
खरा अर्थ, पाऊस पडून गेल्यावर
जमिनीत उरलेली पेरणीजोगी ओल,
त्याला एकही मत नाही.
"जमीन?" काका म्हणाले,
"आपल्याला गच्ची तेवढी हाय बे. तीपण भाड्याची."

लसुमपिन्नीला लिहिता येत नव्हतं.
ती कठड्याशी विड्या वळत बसायची, अंधारातसुद्धा,
हजाराला चाळीस कमी पडत होत्या म्हणून.
तिची थाप ती माझ्या कानात सांगायची,
अर्धी तेलुगूत, तंबाखूच्या वासासकट.
मी ती मराठीत उतरवायची.
दोन चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर,
आणि शाबासकी बहुतेक वेळा चुकीच्या पाठीवर.

त्या रात्री निघाला 'पाचुंदा'.
मी काहीतरी फुलाबिलाचं लिहिलं.
पिन्नीनं दोरा तोडला, म्हणाली,
पाचव्या दिवशी येतं ते नळाचं पाणी.

सगळी मतं तिला.
अंबक्का तर शपथेवर सांगू लागली,
आमच्या माहेरी हाच शब्द आहे म्हणून.
श्रीनिवासनं मेणबत्ती जवळ घेऊन वाचलं :
कडब्याच्या पाच पेंढ्यांचा गठ्ठा.
कुणी काही बोललं नाही.
मग काका म्हणाले, "कोश चुकला असंल.
छापखान्यात होतं असं."

तिसऱ्या दिवशी, रात्री अडीचला,
नळ आधी खोकला, मग वारा ओकला,
आणि जिन्यातून अंबक्का ओरडली,
"पाचुंदा आला गं!"
कुणी हसलं नाही. हसायला हात मोकळे नव्हते,
हंडे होते.
पुढच्या खेपेला शेजारचे ओरडले,
दिवाळीपर्यंत अख्खा बोळ.

सहामाहीच्या पेपरात मी तोच अर्थ लिहिला,
जाणूनबुजून.
एक गुण गेला. तो अजून मागितलेला नाही.

परवा गेले होते. माग भंगारात गेलेत,
पिन्नीची बोटं आता मिटत नाहीत.
पहाटे खालच्या नव्या भाडेकरूची पोरगी,
उदगीरकडची, दोन महिन्यांपूर्वी आलेली,
ड्रम घसटत दारावरून गेली :
"पाचुंदा आला ओ, पाचुंदा!"
मी विचारलं, "म्हणजे काय गं?"
तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.
"मावशी, तुम्हाला मराठी येत नाही काय?"

आतून पिन्नीचा खोकला आला, की हसू,
नीट कळलं नाही.
मी बादली लावली.