मोजणीवाली बाई

दारव्ह्याच्या पुढे एसटी सोडली की चार किलोमीटर पायी,
खांद्यावर पेटी.
पहिल्यांदा गेले तेव्हा लोक बांधावर येऊन थांबले,
वाटलं मोजणीवाली आली, आता धुऱ्याचा तंटा मिटेल.
मी म्हटलं, जमीन नाही, लेकरांची डोकी मोजते.
एक म्हातारा तंबाखू मळता मळता हसला :
"मंग त त्यायचेबी हिस्से पडतीन."

उपकेंद्राची मागची खोली. वजनाची झोळी, फिनेलचा वास.
रेवंता गेडाम, तेव्हा दाई, मग आशा,
कोमट पाण्यात मीठ कालवायची,
करंगळीनं चाखून सांगायची, "झालं, घामाएवढं."
त्यात टोपी बुडवायची.
आधी आठ तारांची, मग सोळा, शेवटी चौसष्ट.
दुर्पताची सासू दारातूनच ओरडली,
टाळूले हात नोका लावू, भरली नाही अजून.
लावला होता मी.
उकळत्या पातेल्यावर बांधलेल्या फडक्यासारखी
बोटाखाली हलत होती ती जागा,
आणि त्या घटकेला मला माझा विषय
नीट सांगता आला नसता कुणालाही.

गावात वीज असली की माझ्या कागदावर
बाळ दिसायचंच नाही.
पन्नास हर्ट्झचं दाट कुंपण फक्त,
विहिरीवरच्या मोटारींचं.
पुढे पुढे तर रेघ बघून ओळखायला लागले,
हा गुलाबरावचा पाच एचपीचा, बेअरिंग गेलेला.
सगळं गाव लोडशेडिंगला शिव्या द्यायचं
आणि मी त्याचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून बसायची.
"लाइन गेली बाई, चाला,"
रेवंता कंदील घेऊन पुढे, मी बॅटरी घेऊन मागे.
दोन तास बसावं, बाळ रडावं, प्यावं, झोपावं,
त्यातले चाळीस सेकंद कामाचे.

आवाज मी नागपूरहून भरून आणला होता,
स्टुडिओतला, स्वच्छ : बाळा, इकडे बघ.
दोन महिने एकोणीस बाळांनी जांभया दिल्या.
रेवंता म्हणाली, "असं कोन बोलते इथं? कलेक्टर?"
माइक ओढला तिनं.
"बापू, इकडं पाय."
चारशे मिलिसेकंदांनी, कपाळामागे,
पांघरुणाखाली कुणी गुडघा वर घ्यावा
तशी लाट उठली.
प्रबंध परत आला तेव्हा 'पाय'खाली लाल रेघ होती,
समासात प्रश्न : शरीराचा अवयव?

हे मी भाषणांत सांगते. लोक हसतात.
एक्केचाळीस नंबरचं सांगत नाही.

मुलगी. सहा महिन्यांची. जांभळं झबलं.
डाव्या बाजूच्या लाटा मंद, दमलेल्या,
तीनदा तारा बदलल्या तरी तशाच.
नियम असा की एकेकाचा निकाल घरी द्यायचा नाही,
हे संशोधन आहे, तपासणी नाही.
नियमावर खाली माझीच सही.
आई पदरानं तिच्या डोक्यावरचं मिठाचं पाणी टिपत होती.
"बरं हाय न बाई?"
मी म्हटलं, छान झोपली.

एकतीस वर्षं. दोनशे बारा बाळं.
निवृत्तीच्या शालीबरोबर
टोपीसुद्धा काचेच्या कपाटात गेली.
स्पंज वाळून खडूसारखे झालेत.

आता पेटी नसते, तरी जाते अधूनमधून.
एक्केचाळीस नंबर पिठाची गिरणी चालवते.
उजवा हात पोटाशी धरलेला, मुठीत ओढणीचं टोक,
डाव्या हातानं पायली उपसते, पट्टा चढवते,
भुवयांवर पीठ.
माझ्या दळणाचे पैसे घेत नाही कधी.
तिच्या आईनं सांगितलंय,
लहानपणी या बाईनं तुझं डोकं तपासलं होतं.

मोटार चालू. तोच आवाज, पन्नासचा,
जो मी जन्मभर चाळून टाकला.
डबा तराजूवर ठेवून ती त्याच्यावरून ओरडते :
"काटा पाय न बाई,
बराबर हाय न?"

मी पाहते. उशिरा.