शनिवारचा रकाना

सफ्रूच्या मल्लाहमध्ये, तेलाच्या घाण्याशेजारच्या खोलीत
मोरचुदाचा खडा दुपारी दोनला यायचा.
डॉक्टर वोकलां पापणी उलटवायचे, बाही उलटवावी तशी.
आत खुपऱ्या, भिजलेल्या रव्यासारख्या.
त्यांवर खडा घासायचे
आणि मला म्हणायचे, सांग यांना.

मी सांगायचे. बारा वर्षांची होते,
फ्रेंच शाळेत दोन इयत्ता,
म्हणून जीभ भाड्यानं दिलेली, महिना नऊ फ्रँक.
ते म्हणायचे, "घाणेरड्या आहेत या बायका."
मी म्हणायचे, "डॉक्टर म्हणतात, पाणी उकळून घ्या."
ते म्हणायचे, "तो सुरमा उकिरड्यावर टाका."
मी म्हणायचे, "सुरम्याला थोडे दिवस विश्रांती द्या."
बायकांचंही सगळं मी पलीकडे नेलं नाही.
मासोदा बेनहम्मू म्हणाली होती,
याच्या डोळ्यांत कुणी दगड घासला असता
तर याला आई आठवली असती.
मी म्हटलं, "ती आभार मानतेय."

चाळीस दिवस, रोज.
एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
आणि रोज तक्त्यावर अंगठा.

रब्बी शलूश दोन रात्री ग्रंथ उघडून बसले.
तिसऱ्या सकाळी म्हणाले,
डोळा म्हणजे जीव. शब्बाथलाही जा.
अंगठा मात्र नाही. खूण करणं म्हणजे लिहिणं.

तर शनिवारी एकसष्ट माणसं गेली
सणाचे कपडे घालून,
चेहरे पुढे, हात पाठीमागे.
"कैदी दिसतात," डॉक्टर म्हणाले.
तेही मी कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी निरीक्षक आला.
त्यानं रकाना पाहिला. कोरा.
बाकावर मासोदा बसली होती, डोळ्यांतून निळं पाणी गळत,
तिच्याकडे पाहिलं नाही.
फेझला जायच्या कागदावर त्यानं लिहिलं:
यहूदी वस्ती, सहकार्य नाही.
मी ते टेबलाच्या अलीकडून उलटं वाचलं.
उलटं वाचायला मला भावानं शिकवलं होतं.
त्यांच्या वर्गात नऊ मुलं, पुस्तक एक,
आणि त्याची जागा वरच्या अंगाला.

सगळ्यांचे दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले.

पुढच्या शनिवारी तीन तारे दिसल्यावर
मी दवाखान्यात गेले.
चौकीदार मौलूद पायरीवर जेवत होता.
"किती वेळ?"
"शाई वाळेपर्यंत."
त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंड फिरवलं.
एकसष्ट नावांपुढे एकच अंगठा, माझा.
त्यावर तव्याचा जुना डाग, डावीकडे कोर काढल्यासारखा.
असे पाच शनिवार. हिशेब तुम्हीच करा.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
आमचे अंगठे कोण बघतं.

अहवालात शेरा आला, समाधानकारक.
किती डोळे वाचले ते त्यात नव्हतं,
तसा रकानाच नव्हता.
आईचा उजवा राहिला, डावा गेला.
मासोदाचे दोन्ही राहिले.
तिनं खडा चुकवला नव्हता
आणि सुरमाही सोडला नव्हता, रात्री घालायची,
मग कशानं, ते मला आज ऐंशीव्या वर्षीही सांगता येत नाही.

पाचव्या शनिवारी आईनं माझा अंगठा पाहिला होता
तिच्या उरलेल्या डोळ्यानं.
शब्बाथ नुकता उतरलेला, आणि बोटाला शाई.
कुठून, विचारलं नाही.
चुलीतली राख घेतली, अर्धं लिंबू घेतलं,
माझा हात मांडीवर घट्ट धरला
आणि घासत राहिली, डॉक्टर घासायचे तशी,
हात न थरथरता.
झोंबत होतं.
मी ओरडले नाही.