बारा घरं, एकाला दहा

लोह्यात आकडा कुठं मिळतो विचारून बघा,
बसस्टँडमागची पानटपरी दाखवतील.
त्याच गावात मी आकडे शिकवतो.
दहावी ब, पटावर त्रेचाळीस,
धडा पाचवा, संभाव्यता.

नाणं उडवून झालं, फासा टाकून झाला.
बावन्न पत्त्यांपाशी हेडसर दारातून डोकावले,
पत्ते कपाटात गेले.
मग पोरांना म्हटलं, खेळ तुम्हीच मांडा.
पैशाला हात लावायचा नाही, चिंचोके आणा,
आणि दुकान बुडणार नाही एवढं गणित करून या.

शनिवारी वर्गातच जत्रा भरली.
प्रज्ञाशीलचे फोडलेले चार चिंचोके:
चारी पांढरे पडले की दहापट.
सोळा निष्पत्ती त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर मांडल्या होत्या,
एक खोडून पुन्हा लिहिलेली.
व्यंकटीचं दुकान भलतंच उदार,
छापा आला तर दुप्पट, काटा आला तर मुद्दल परत.
मधल्या सुट्टीआधीच डबा रिकामा.
डबा उलटा करून तो आत बघत राहिला
आणि सगळे हसले, मीसुद्धा.

गंगासागर गुट्टेवाडने चक्री आणली.
सायकलची रिंग, बारा घरं, घराघरात चित्र,
पोपट, छत्री, कंदील, विंचू,
कडेला खिळे, वर चामड्याची जीभ
टरटरत हळू होणारी.
एक लावा, घर लागलं की दहा.

मुदस्सिर लागोपाठ तीनदा विंचवावर जिंकला.
"सर, तुमचं गणित चुकायलंय!"
म्हटलं, खेळ अजून.
फळ्यावर रेघा वाढल्या, चारावर पाचवी आडवी,
शंभराव्या फेरीला त्याने खिसा बाहेर ओढून दाखवला.
मग मी बाराही घरांवर एकेक चिंचोका ठेवला.
थांबू दे कुठंही. दहा परत.
दोन तिच्या ओंजळीत.
वर्ग गप्प.
मी खडू झटकला, मोठ्या अक्षरांत लिहिलं:
समसंभाव्य.

"सर, बाराही घरं सारखी असं कोण म्हन्लं?"

तिने फळीखाली पायाचा अंगठा दाबला.
जीभ जराशी ढिली पडली,
विंचू निसटला, चक्री पोपटावर थांबली.
पुन्हा पोपट.
पुन्हा पोपट.
"पहिल्या गिऱ्हाइकाला जिंकू द्यायचं. मग अंगठा."
मुदस्सिर विंचवाकडे बघत राहिला.

जत्रा सुरू झाल्या की हजेरीपुस्तकात
तिच्या नावापुढे लाल शाई असते.
कारण मी कधी विचारलं नव्हतं.
पुस्तकात अंगठ्यावर एक ओळ नाही.
मी शिक्षकहस्तपुस्तिकाही चाळली, नंतर, घरी.

घंटा झाली. ती थांबली होती,
फळ्यावरचे दहा आणि बारा
ओठांतल्या ओठांत मोजत.
"म्हंजे अंगठा नाही दाबला, तरी दोन उरतेत?"
उरतात.
"दरवेळेस?"
दरवेळेस नाही. पुष्कळ खेळलं की.
"सांगते अण्णाला."

सोमवारी मीच विचारलं.
ती चिंचोके पिशवीत भरत होती, वर न बघता म्हणाली,
"हसले. म्हन्ले, सरला सांग,
दोनात जमादाराचंच भागतंय."