आतली बाजू

गाडी आली तेव्हा मागच्या सीटवर
कोंबडीची दोन अंडी होती.
काटोल रोडच्या गोदामातून ओढत आणलेली,
चारही चाकं बसलेली.
मालक निशांत खेडीकर, पस्तिशीचा पोरगा,
म्हणाला, भाऊ, रंग मात्र ओरिजिनल पाहिजे.

मी म्हटलं, कोणता?

मॉरिस. लढाईच्या आधीची.
पॉलिश पेपर आणि बादलीभर पाणी घेऊन बसलो,
मे महिना, कामठी रोडचं डांबर चपलेला धरून ठेवणारं.
वरचा पांढरा कोणाच्या तरी वरातीसाठी मारलेला,
ब्रशनं, घाईत, त्यात ब्रशचा एक केसही.
त्याच्याखाली हिरवा.
त्याच्याखाली कोण्या डॉक्टरचा करडा,
मग काळा, आणि काळ्याच्याही खाली
वाळल्या अंबाडीच्या बोंडाचा लाल.

नंबरप्लेटही सोलली.
महाराष्ट्राखाली मुंबई,
मुंबईखाली मध्यप्रदेश,
सगळ्यात खाली दोन अक्षरं, सी आणि पी,
जरा डावीकडे कललेली.
चार राज्यं पाहिली बाईनं
आणि कन्हानचा पूल बहुतेक एकदाही नाही.
ती धरमपेठेत उभी होती,
राज्यंच येऊन जाऊन राहिली होती.

दोन दारांमधल्या खांबात एक फट.
बॅटरी जोडून खटका दाबला,
तर बाहेर आला वळण्याचा हात,
वीतभर, नारिंगी,
संत्र्याची फोड सालीतून सुटावी तसा.
कारखान्यातली पोरं हसली.

आमचे उस्ताद सुभानभाई सांगायचे,
मोटार म्हणजे मुळात बग्गीच,
घोडा पोटात घातलेली.
आधी दिवे वेगळे, दांडीवर, बेडकाच्या डोळ्यांसारखे.
मग दिवे मडगार्डात बुडाले,
मडगार्ड दारात विरघळलं,
पायरी गेली.
आता कोणतीही बाजूनं पाहा,
वापरून उरलेली साबणाची वडी.
वाऱ्यासाठी करतात म्हणे, असं मी म्हटलं
तर टोपीनं स्वतःला वारा घालत म्हणाले,
नागपुरात कुठं असतो बे वारा?

मागच्या पत्र्याला चार भोकं निघाली, बुजवलेली.
पेट्रोल मिळेना तेव्हा इथं कोळशाची भट्टी टांगलेली असणार.
त्या चारांतलं एक भोक मी तसंच ठेवलं.
का, ते मला नका विचारू.

डावं मडगार्ड उतरवून उलटं केलं
आणि हात थांबला.
आतून हातोडीच्या खुणा, एकाला एक लागून,
सगळ्या उजवीकडून डावीकडे झुकलेल्या.
डावखुऱ्या माणसाच्या.
मोमिनपुऱ्यात डावखुरा डेंटर एकच होता,
आणि त्याच्या हाताखाली मी नऊ वर्षं
नुसता डॉली धरून बसलो होतो.
ही मॉरिस कधी आली होती, मला आठवत नाही.
माझ्याही आधी आली असेल.

निशांतनं दिल्लीहून नवं मडगार्ड मागवलेलं,
खोक्यात, थर्माकोलसकट.
मी म्हटलं, बसत नाही.
खोटं बोललो. बसलं असतं.

बाहेरून लांबी, प्रायमर, अंबाडीचा लाल,
तीन हात, मध्ये दोन दोन दिवस.
आतून फक्त तेल.

रविवारी पहाटे ट्रायलला काढली.
इंदोऱ्याच्या चौकात वळताना हात बाहेर काढला,
नारिंगी, लुकलुकता, अगदी कायद्याप्रमाणे.
मागचा ऑटोवाला बाजूला आला,
मान बाहेर काढून ओरडला,
काका, गाडीचं काहीतरी लटकून राहिलं हो!