तांबडी भुकटी

पोवई नाक्यावरून पावणेसातला क्रूझर निघाली,
नऊ माणसं, आठ छत्र्या,
आणि माझं पाठ झालेलं भाषण.
इलाहीभाई आरसा पुसत म्हणाले,
"म्याडम, आज काय दिसायचं न्हाई."
पैसे घेतलेत, म्हटलं, चला.

बोगदा मागे पडला तशी काच पांढरी झाली.
मी मागे वळून सुरू केलं:
इथं डोंगर फुटला नव्हता, जमीन उसवली होती.
टाके निघाले लांबच लांब,
आणि आतलं तापलेलं पातळ
धिरड्याच्या पिठासारखं पसरत गेलं, एकावर एक,
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.
मागून शार्वी, वय सात: "मग ज्वालामुखीचं तोंड कुठंय?"
"तोंड नाही. ओठ होते, मिटले."
या वाक्याला दर रविवारी माणसं हसतात.
आज दोघांना गाडी लागत होती.

ठोसेघरला कठड्याशी उभे राहिलो.
समोर दरी हवी होती.
समोर नुसता आवाज होता,
न थांबता कुणी ट्रकमधून खडी ओततंय असा.
कराडच्या दंतवैद्यांनी धुक्याचा व्हिडिओ काढला,
मग धुक्यासोबत स्वतःचा.
कुणीतरी हळूच विचारलं, परत किती मिळतील?
मी हवेत बोट फिरवत राहिले,
इथून पाणी सुटतं, इथं पायरी, इथं वळण,
रिकाम्या वर्गात नकाशा काढावा तशी.

तेव्हा सिद्राम ऐवळे, जतचे, सीट चार,
तिकीट मुलीनं काढलेलं, सकाळपासून एक शब्द नाही,
दरीकडे पाठ करून चालत गेले
रस्त्यासाठी कापलेल्या दरडीपाशी.
काळ्यावर काळा कातळ,
आणि मध्ये वीतभर तांबडा पट्टा, पाझरणारा.
त्याच्यावर त्यांनी बोट टेकवलं.
"ही माझ्या वळखीची हाय."

बत्तीस वर्षं बोअरच्या गाडीवर.
डोंगर त्यांनी बाजूनं कधी पाहिलाच नव्हता,
पाहिला तो वरून, सहा इंची भोकातून,
तोही दळून आलेला.
"पयली पांढरट भुकटी. मग काळी. काळी लई येळ.
मालक खाटंवर बसून फूट मोजतोय.
मग एकदम तांबडी उडाली की मी मशीन हळू करायचो.
तांबडीच्या डोक्यावर पाणी बसतंय.
बसलं तर.
आमच्याकडं कोरडीच उडायची,
रात्री नाक शिंकरलं की नुसतं कुंकू."

माझं भाषण या थराशी येतं तेव्हा
बहुतेकजण चहाकडे वळलेले असतात.
ते वळले नव्हते, म्हणून सांगितलं:
एक रस निवला, आणि दुसरा यायला वेळ लागला.
तेवढ्यात ऊन पडलं, पाऊस पडला, दगडाची माती झाली.
कदाचित काही उगवलंही असेल.
मग वरून पुन्हा आग आली आणि ती माती भाजली.
"म्हंजे मधी उसंत व्हती."
"हो. कितीतरी हजार वर्षांची."
"आन् मी ती सातशे फुटावर भरडत व्हतो,"
ते म्हणाले, आणि बोटाचं तांबडं
सदऱ्याला पुसलं नाही.

मग पट्ट्याखाली ओंजळ धरली.
थेंब थेंब. भरायला बराच वेळ लागला.
इलाहीभाईंनी हॉर्नवरचा हात काढून घेतला.

चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्याही दिसल्या नाहीत,
धुक्यातून एक पातं यायचं, जायचं,
कुणी मोठ्ठं माणूस विसरलेलं काही शोधतंय असं.
कुळथाची पिठी आणि भात मात्र सगळ्यांनी मागून घेतला.
शार्वीला एक भोकाभोकाचा दगड सापडला,
भोकात पांढऱ्या सुया, मीठ आहे म्हणून तिनं चाटून पाहिला.
दंतवैद्य म्हणाले, चाटू नकोस.
घरी न्यायचाही नाही, मी म्हटलं. तिनं तो जागेवर ठेवला,
पण उलटा.

उतरताना रेंज आली.
सगळ्यांचे फोन एकदम वाजले,
त्यात त्यांचा, छोटा, बटणांचा, आवाज बाहेर येणारा.
"दिसला का ओ पप्पा धबधबा?"
त्यांनी खिडकीकडे पाहिलं. काच अजून पांढरीच.
"दिसला न्हाई," ते म्हणाले.
आणि थोडं थांबून,
मालकाच्या खाटेकडे बघून सांगायचे त्याच सुरात:
"लागलं. पाणी लागलं."